अर्ध्या केकचा हेक्टर

आमच्या पोर्ट कॅलनच्या धक्क्यावर उभं राहून कुणी "मॅकडोनल्ड!" अशी हाक मारली, तर बोटींवरची निम्मी माणसं वळून बघतील. उरलेली निम्मी मॅकनील आहेत, म्हणून वळणार नाहीत. कॅनडातल्या केप ब्रेटन बेटाच्या या टोकाला पोराचं नाव ठेवायचं म्हणजे नवीन नाव शोधायचं अशी पद्धतच नाही. आजाचं नातवाला, आजीचं नातीला. त्यामुळे गावात एका वेळी पाच जॉन अलेक्झांडर, चार मेरी मार्गारेट आणि तीन हेक्टर मॅकडोनल्ड सुखानं नांदतात. ओळखायचं कसं? तर गावानं ठेवलेल्या नावानं. ते एकदा चिकटलं की बायकोला लागतं, पोरांना लागतं, आणि माणूस गेला की पेपरातल्या निधनवार्तेत सुद्धा छापावं लागतं. नाही छापलं तर लोक भलत्याच घरी हॅमचं भांडं घेऊन रडायला जातात. असं एकदा झालंय. दार उघडायला खुद्द 'मयत' आला होता आणि त्यानं हॅम ठेवून घेतलं.

आता माझंच घ्या. माझे वडील लग्नाच्या दिवशी नव्या सुटासकट धक्क्यावरून पाण्यात पडले. तेव्हापासून ते ओला जिमी, आई ओल्याची मेरी आणि मी ओल्याची फ्लोरा. वडील जन्मात दारूला शिवले नाहीत, पण नाव ऐकून येणारा प्रत्येक पाहुणा हमखास बाटली घेऊन यायचा. मी घराच्या पुढच्या खोलीत बायकांचे केस कापते, कुरळे करते. रोलर लावून ड्रायरखाली बसवलेली बाई जे बोलते, ते ती चर्चमध्ये फादरसमोरही कबूल करत नाही. म्हणून हेक्टरची गोष्ट माझ्यापाशी जेवढी आहे तेवढी दुसऱ्या कुणापाशी नाही.

हेक्टर म्हणजे अर्धा केक. लहान असताना त्याच्या आईनं चर्चच्या जेवणासाठी काकवीचा केक भाजला आणि टोपलीत घालून त्याच्या हाती पाठवला. वाट लांब, वारा बोचरा आणि केक गरम. हेक्टर पोहोचला तेव्हा केक अर्धा उरला होता. पठ्ठ्यानं खाल्लेली बाजू अंगठ्यानं सारखी केली होती आणि ती बाजू भिंतीकडे येईल असा केक टेबलावर ठेवला होता. वाढायला उभ्या असलेल्या बाईनं विचारलं, "का रे, आईनं अर्धाच दिला?" आणि हेक्टर म्हणाला, "हो."

त्या एका 'हो'नं घात केला. पोर खादाड ठरलं असतं तर गाव हसून विसरलं असतं. पण चर्चच्या जेवणाला अर्धा केक पाठवणारं घर म्हणजे चिक्कू घर! आईनं त्याला झोडपलं, पुढच्या वर्षी चार केक पाठवले. लोक म्हणाले, "बघा, लाज वाटली." नाव राहिलं ते राहिलंच.

तेव्हापासून हेक्टरनं काहीही केलं तरी गावाला त्यात अर्धंच दिसलं. थंडीत घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्यांना लागणाऱ्या तेलाचा टँकर चालवतो तो. टाकी काठोकाठ भरून दिली तरी बायका काठी बुडवून बघणार. चर्चच्या लॉटरीला त्यानं अख्खं हॅम दिलं, तर सँडी किल्ली त्याचा वास घेत म्हणाला, "अर्ध्या केकनं अख्खं दिलंय म्हणजे काहीतरी बिघडलेलं असणार." (सँडीनं एकदा चर्चची किल्ली हरवली होती, ऐन ईस्टरला. सगळं गाव बाहेर बर्फात उभं. पण दुसऱ्याचं नाव घेताना माणसाला आपलं आठवत नाही.) हेक्टरची बायको एफी शांत बाई. ती म्हणायची, "म्हणू दे रे. नावानं काय अंगाला भोकं पडतात?" हेक्टर दरवर्षी चर्चला दोन अख्खे केक न्यायचा, तेही झाकण न लावता, रस्त्यात सगळ्यांना दिसतील असे. आणि गाव म्हणायचं, "मिरवतोय बघा."

हे असंच चाललं असतं. पण हेक्टरला नात झाली.

मुलगा रॉरी आणि त्याची बायको केल्सी. केल्सी ऑन्टॅरिओची, जाहिराती बनवणाऱ्या कंपनीत काम केलेली, आमच्याकडे सून म्हणून आली तेव्हा गावातल्या नावांची वही करत होती बिचारी. पोरीचं नाव आयोना ठेवलं. पहिल्यांदा चर्चमध्ये आणली त्या रविवारी हेक्टरनं टाय लावला होता. सगळे बाबागाडीभोवती जमले. सँडी किल्ली काठी टेकत आला, वाकून बघितलं.

"ही कुणाची?"

"माझी नात," हेक्टर म्हणाला. त्याची छाती कोटात मावत नव्हती.

"अर्ध्या केकची नात होय?" सँडी म्हणाला. "मग ही पाव केक!"

चर्चच्या पायऱ्यांवर असा हशा पिकला की आतला ऑर्गन ऐकू येईना. मीही हसले, खोटं कशाला बोलू. संध्याकाळपर्यंत धक्क्यापासून टेकडीपर्यंत पोरगी पाव केक झाली होती. तिला अजून मान धरता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी हेक्टर माझ्या दुकानात आला. पुरुष माझ्याकडे येत नाहीत, येतात ते बायकोला न्यायला. हा आला, टोपी हातात घेऊन ड्रायरच्या खुर्चीत बसला.

"फ्लोरा, गावात कुणाचं नाव कधी गेलंय का गं?"

"गेलंय की. जॉन डॅनचं गेलं. त्याची शेड पडली तेव्हा तो पडका जॉन डॅन होता. मग ती शेड जळली."

"मग?"

"मग जळका झाला."

हेक्टर टोपी फिरवत राहिला. "मला म्हणतात त्याचं काही नाही. केक मी खाल्ला होता, खोटंही मीच बोललो होतो. पण त्या पोरीनं काय खाल्लंय? तिला अजून दात नाहीत." मला आदल्या दिवशीच्या हसण्याची लाज वाटली.

"नाव जात नाही, हेक्टर," मी म्हटलं. "त्याच्यावर दुसरं मोठं नाव बसावं लागतं. आपल्या आर्चीला आता कुणी बेडूक म्हणतं का? कौन्सिलर झाला आणि कौन्सिलर आर्ची म्हणूनच मेला."

हे बोलले आणि जीभ चावली. कारण आर्ची मेल्यानं त्याची जागा रिकामी होती, निवडणूक महिन्यावर आली होती, आणि हेक्टर माझ्याकडे असा बघत होता जणू मी त्याला गुप्त खजिन्याची वाट दाखवली होती.

आमच्याकडे निवडणुकीच्या पत्रकावर सुद्धा गावानं ठेवलेलं नाव छापतात. दुसरा उमेदवार होता बर्नी भोंगा, त्याच्या पत्रकावर अवतरणचिन्हात 'भोंगा' होतंच. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही, कुणालाच वाटलं नाही. हेक्टरनं मात्र ठणकावून सांगितलं, माझ्या पत्रकावर फक्त बाप्तिस्म्याचं नाव हवं: हेक्टर जोसेफ मॅकडोनल्ड.

"आणि फोटो, बाबा?" केल्सीनं विचारलं.

"फोटो नको. चेहरा छापला की नाव त्याच्या मागोमाग आलंच."

मग केल्सीनं फोटोच्या जागी दीपस्तंभ टाकला. खाली घोषवाक्य, हेक्टरनं स्वतः सांगितलेलं: 'पूर्ण मनाने. पूर्ण वेळ. पूर्ण तुमचा.'

"तीनदा 'पूर्ण' जरा जास्त होतंय," केल्सी म्हणाली.

"चौथा कुठे बसतो का बघ," हेक्टर म्हणाला.

घोषवाक्यांचं आमच्या गावाला तसं वावडंच. बँक बंद झाली त्या वर्षी कौन्सिलनं हॅलिफॅक्सहून तज्ज्ञ बोलावला आणि गावाच्या वेशीवर पाटी लावली: 'पोर्ट कॅलन: इथे सगळं आहे!' पाठोपाठ शाळेचे वरचे वर्ग गेले, माशांचा कारखाना गेला, आणि कुणीतरी रंगाचा डबा घेऊन 'आहे'वर काट मारून 'होतं' लिहिलं. पण या नव्या पत्रकांनी लोकांना गुंगवलं. विजेच्या प्रत्येक खांबावर दीपस्तंभ. कोण हा हेक्टर जोसेफ मॅकडोनल्ड?

पहिल्यांदा हेक्टर शिट्टीला विचारलं. तो म्हणाला, मी नाही. मग लांब हेक्टरला विचारलं, तो म्हणाला, मला स्वतःच्या घरात कुणी निवडून देत नाही. आमच्या हेक्टरला मात्र कुणीच विचारलं नाही. माझ्या दुकानात कुणीतरी शंका काढली तर पेगी बीटन हसत सुटली. "अर्धा केक? एवढी रंगीत पत्रकं? त्यानं केलं असतं तर एका खांबावर पत्रक आणि दुसऱ्या खांबावर सुतळी लावली असती." म्हणजे नावामुळेच तो सापडला नाही. मला एफीनं शपथ घातली होती. केस कापणाऱ्या बाईला गुपित सांभाळायला लावणं म्हणजे मांजरीला मासळीच्या राखणीला बसवणं. मी तो महिना तोंडात क्लिपा धरून काढला.

पेगीच म्हणाली, दीपस्तंभ आहे म्हणजे माणूस दर्यावर्दी असणार. पुढच्या बाईनं त्याला कॅप्टन केलं. मग कळलं की तो बॉस्टनला होता, त्याची आजी आमच्याच गावची, म्हातारपणी मायभूमीची ओढ लागून परत येतोय. आठवड्याच्या शेवटापर्यंत त्याची बायको वारली होती. मग तर माझ्या दुकानात रांग लागली. पेगी स्वतः विधवा, तिनं केसांना रंग लावून घेतला.

"लाल नको गं फार," ती म्हणाली. "कॅप्टन लोकांना साधेपणा आवडतो."

पण खरी गंमत पुढं झाली. पेगीच्या घरी गेली कित्येक वर्षं, डिसेंबरच्या थंडीत, तेलाचं बिल 'चुकतं झालं' असा शिक्का मारून यायचं. तिला वाटायचं, कंपनीचा घोळ आहे, आणि असला घोळ दुरुस्त करायला कोण जातंय! आता तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "बॉस्टनहून कॅप्टन पैसे भरत होता! आणि तेल घेऊन कोण यायचा? हा अर्धा केक! एका शब्दानं बोलला नाही मेला, सगळं श्रेय स्वतःकडे ठेवायला." म्हाताऱ्या मंडळींच्या दारातला बर्फ पहाटे कुणीतरी काढून जायचं, तेही कॅप्टननं माणूस लावून केलेलं ठरलं. फिड्ल, म्हणजे आमच्याकडचं व्हायोलिन, शिकणाऱ्या पोरांना मिळालेल्या जुन्या फिड्ल, चर्चचं नवं गरम पाण्याचं यंत्र, सगळं कॅप्टनच्या खात्यावर गेलं.

आणि हे सगळं लोक हेक्टरला तोंडावर ऐकवायचे. टँकरची नळी ओढत तो बर्फातून चालला की सँडी किल्ली खिडकी उघडून ओरडायचा, "शीक काहीतरी, अर्ध्या केका! पूर्ण मनानं म्हणतात ते असं!"

हेक्टर माझ्याकडे येऊन बसायचा. "चांगला माणूस दिसतो हा कॅप्टन," एकदा म्हणाला.

"अरे, तूच आहेस तो!"

"हो, पण त्याचं नाव बरं आहे ना." मग म्हणाला, "मला त्याचा राग यायला लागलाय, फ्लोरा. सगळं करायचं मी, आणि पेगी लिपस्टिक लावते त्याच्यासाठी."

मतदानाआधीच्या रविवारी चर्चच्या हॉलमध्ये उमेदवारांची सभा होती. सभा म्हणजे आधी जेवण: बीन्स, हॅम, ओटचे केक, चहा. हॉल इतका भरला की फादर रँकिननं वाद्यांच्या खोलीतल्या खुर्च्या काढल्या. पुढची रांग बायकांनी अडवलेली, सगळी डोकी माझ्या हातची. बर्नी भोंगा बोलला, नेहमीसारखा माइकशिवाय, आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी केस सावरले. मग फादर म्हणाले, "आता हेक्टर जोसेफ मॅकडोनल्ड."

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. कॅप्टन दारातून येणार ना!

मागच्या भिंतीजवळून हेक्टर उठला. लग्नातला सूट. तो वाट काढत पुढं निघाला तर पेगी खालच्या आवाजात डाफरली, "अर्ध्या केका, खाली बस. माणसाला येऊ दे की पुढं."

हेक्टर व्यासपीठावर चढला. तरी लोकांची नजर दाराकडेच. मग हळूहळू एकेक मान वळली. मी आयुष्यात इतकी शांतता फक्त बिंगोचे आकडे पुकारताना बघितली आहे. आणि मग सँडी किल्लीचा आवाज आला:

"अरे देवा. हा तर अर्धा केक!"

हॉल फुटला. लोक टेबलं बडवत होते. हेक्टर माइक धरून उभा राहिला, कानापर्यंत लाल. हसणं ओसरायच्या आतच तो बोलला, म्हणून पहिलं वाक्य निम्म्यांनाच ऐकू आलं.

"...मीच खाल्ला. आईनं पूर्ण दिला होता. तिचं काही चुकलं नव्हतं. खोटं मी बोललो. मला काय म्हणायचं ते म्हणा, निवडून नाही दिलंत तरी चालेल. पण माझ्या नातीला ते नाव देऊ नका. तिनं अजून काही केलेलं नाही. तिला स्वतःचं काहीतरी करू द्या आणि मग त्याचं नाव ठेवा. एवढंच सांगायला उभा राहिलो."

आता कुणी हसलं नाही. पण आमची माणसं गप्प राहिली तर आजारी पडतात. पेगी उठली. तिच्या चेहऱ्यावर शुद्ध दुःख होतं.

"म्हणजे कॅप्टन येणार नाही?"

"कॅप्टन नाहीच आहे, पेगी."

"मग माझं तेल?"

हेक्टरनं बूट न्याहाळायला सुरुवात केली. तेव्हा एफी उठली. ती शांत बाई, जिचा आवाज मी कधी कप-बशीच्या आवाजाच्या वर ऐकला नव्हता. "तुझं तेल या गाढवानं भरलं! बर्फ यानं काढला! फिड्लचे पैसे यानं दिले, आणि मी तोच हिवाळी कोट घालून फिरतेय! तुमच्यापैकी एकानं तरी एकदा तरी विचारलं का?"

हॉलमध्ये चुळबुळ झाली. मग सँडी किल्ली काठी आपटत उठला. माणूस वरमला होता, पण वरमलेलं दाखवायची त्याला सवय नव्हती. "सगळं मान्य. पण जानेवारीत माझ्या दारातला बर्फ अर्धाच काढला होतास!"

"तुझी गाडी मध्ये उभी होती," हेक्टर म्हणाला. "किल्ली कुठे होती कुणास ठाऊक."

यावर जो हशा झाला तो मात्र हेक्टरच्या बाजूचा होता. आणि त्या हशातच मी रडले. लाज वाटली, कौतुक वाटलं, दोन्ही.

हेक्टर निवडून आला. पेगीनं मला नंतर कानात सांगितलं, "मी मत कॅप्टनलाच दिलं बरं का." असं म्हणणाऱ्या मला आणखी दोघी भेटल्या. कामं हेक्टरची आणि मतं कॅप्टनची. पेपरात बातमी आली: 'हेक्टर जोसेफ ("अर्धा केक") मॅकडोनल्ड विजयी.' संपादकाला हेक्टरनं फोन केला तर तो म्हणाला, "कौन्सिलरसाहेब, तुमचं नाव नसतं छापलं तर लोकांना वाटलं असतं, कुणी परका निवडून आला." कौन्सिलर म्हणून त्यानं पहिलं काम केलं ते वेशीवरची पाटी उतरवायचं. आता तिथं नुसतं 'पोर्ट कॅलन' आहे. आमच्यात काय आहे ते येणारा बघून घेईल, म्हणाला.

आणि गावानं नातीबद्दलचा त्याचा शब्द पाळला. म्हणजे पाळल्याचं दाखवलं. हेक्टरसमोर पोरीला सगळे आयोना म्हणायचे आणि तो वळला की जीभ सैल सोडायचे. पण दोघांच्या नावांची चव बदलली होती खरी. कुणाच्या दारात न सांगता लाकडं रचलेली सापडली की लोक म्हणायला लागले, "कुणीतरी अर्धा केक करून गेलं वाटतं." हेक्टरला ते ऐकवायचं धाडस मात्र कुणी केलं नाही. त्याच्या डोक्यात ते नाव अजून अंगठ्यानं सारख्या केलेल्या कडेपाशीच होतं.

यंदा आयोना शाळेत गेली. रस्त्याच्या कडेला बसची वाट बघत आम्ही सगळे उभे होतो. हेक्टरनं तिला आठवडाभर घोकवलं होतं: "विचारलं की सांगायचं, आयोना कॅथरीन मॅकडोनल्ड. पूर्ण नाव. समजलं?" बस आली. ड्रायव्हर नवीन, आमच्याच बेटावरच्या सिडनी शहरातली बाई. तिनं विचारलं, "तू कोण गं?"

"आयोना कॅथरीन मॅकडोनल्ड."

हेक्टरनं समाधानानं माझ्याकडे बघितलं.

"कुठली मॅकडोनल्ड?" बाई वैतागून म्हणाली. "या बसमध्ये मॅकडोनल्डच आहेत सगळे."

आयोनानं एकदा आजोबाकडे बघितलं, एकदा त्या बाईकडे. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी पाव केक. ते बघा माझे आजोबा. अर्धा केक. थंडीत सगळ्यांची घरं गरम करतात ते."

"हां," ड्रायव्हर बाई म्हणाली, "मग बस खिडकीपाशी."

बस वळणावरून दिसेनाशी झाली तरी हेक्टर हात वर धरून उभाच होता. मग हात खाली घेतला, टोपी डोक्यावरून काढली, पुन्हा घातली.

"पूर्ण नाव सांगायला शिकवलं होतं मी तिला," तो म्हणाला.

"तेच तर सांगितलं तिनं," मी म्हटलं.